लाज आणि व्यसन: नाशिकच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये व्यसनात अडकलेल्या माणसांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशनाचं काम करते. फोनवर, ओपीडीच्या बाकावर, कधी लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात बोलावून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. दारूचे प्रश्न जास्त आहेत, कारण येणारे तेच जास्त असतात. गांजा, गुटखा, झोपेच्या गोळ्या, मोबाइलवरचा जुगार यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. ओळख पटू नये म्हणून उदाहरणांतले तपशील बदलले आहेत.

लाज वाटली तरच माणूस सुधारेल ना? मग तुम्ही लाजेलाच दोष का देता?

थोडी लाज सगळ्यांनाच असावी, त्यावर वाद नाही. चारचौघांत तोल गेला, दुसऱ्या दिवशी कानकोंडं झालं, पुढच्या वेळी माणूस जपून वागतो. ही लाज येते आणि जाते. इथे बोलतोय ती मुरलेली असते. ‘माझं चुकलं’ यावर ती थांबत नाही, ‘मी मुळातच फालतू आहे’ इथपर्यंत जाते. चूक दुरुस्त करता येते. पण ज्याला आपण स्वतःच मुळात खोटे आहोत असं वाटतं, त्याने दुरुस्त काय करायचं? तो लपतो. आणि लपायला दारूइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ साली हा फरक मानसशास्त्रात नीट मांडला आणि जून टँगनी यांनी पुढे वर्षानुवर्षं त्यावर संशोधन केलं. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: पश्चात्ताप झालेला माणूस भरपाई करायला बघतो. लाजेने खचलेला माणूस एकतर तोंड लपवतो, नाहीतर समोरच्यावरच उखडतो. नशेच्या समस्या या दुसऱ्या गटात जास्त सापडतात. घरच्यांना मी एवढंच सांगते, पश्चात्ताप जागा राहू द्या, लाजेत भर घालू नका.

दारूमुळे लाज येते, की लाजेमुळे माणूस पितो?

दोन्ही. म्हणून तर सुटत नाही.

सिडकोतलं दोन खोल्यांचं घर घ्या. सकाळचे सहा वाजलेत, त्याची अंबडला फर्स्ट शिफ्ट आहे. रात्रीचं त्याला काही आठवत नाही. पण मोरीत बादली फुटलेली दिसते. बायको भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवतेय. मुलगी बुटाची लेस बांधताना वर बघत नाही. कुणी एक शब्द बोललेलं नाही. तो मोबाइल बघितल्यासारखं करतो, चहा अर्धा ठेवून बाहेर पडतो. हात थरथरत असतात आणि मुलीची ती खाली घातलेली मान डोळ्यांपुढून हलत नाही. एका क्वार्टरने दोन्ही थांबतं, दुपारपर्यंत. शिफ्ट बुडते. आता ती बुडाल्याची लाज वर चढते आणि संध्याकाळी तिच्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

आता मागे जाऊ. अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये फेलिटी आणि अँडा यांनी हजारो प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन किंवा मानसिक आजार असे अनुभव होते का, हा प्रश्न होता. १९९८ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा जास्त प्रकार आले होते, त्यांच्यात दारू, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चारपटीपासून बारापटीपर्यंत जास्त होता. लहान मुलाला मारलं की ‘बाबा चुकले’ असं त्याला वाटत नाही. ‘मीच वाईट’ असं वाटतं. बाप सोडून गेला तरी तेच वाटतं. हे वाटणं सांभाळायचं कसं, ते मूल मोठं होता होता शोधतं. काहींना उत्तर बाटलीत सापडतं.

आमच्या घरात असं काहीच नव्हतं. मुलाला कशाची कमी केली नाही. मग त्याला कसली लाज?

हा प्रश्न विचारताना बहुतेक आईवडिलांचा आवाज कापतो. तुमच्यावर कुणी आरोप करत नाहीये.

लाज फक्त मारहाणीतून येत नाही. चुलतभावाशी सतत झालेली तुलना, दहावीचा निकाल, रंग, तोतरेपणा यांतूनही येते. काही लाज तर समाजच वाटतो. जातीवरून मिळालेली, वस्तीच्या नावावरून मिळालेली, फी भरली नाही म्हणून वर्गात उभं केल्यावर मिळालेली. त्यात घरच्यांचा दोष काहीच नसतो, उलट तेही तीच सोसत आलेले असतात.

मोठेपणीही ती येते. दिंडोरी, निफाड पट्ट्यातले द्राक्षबागायतदार माझ्याकडे येतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली, औषधांची उधारी चढली, माल चांगला आला. व्यापाऱ्याने गाडी भरून नेली आणि फोन बंद केला. सोसायटीचं कर्ज उरावर. फसवलं दुसऱ्याने, पण गावात मान खाली घालून हाच फिरतो, कारण ‘आपल्याला कळायला हवं होतं’ हे तो दिवसातून शंभरदा स्वतःला ऐकवतो. असा माणूस पारावर पीत नाही. रात्री बागेत मोटर चालू करायच्या निमित्ताने पितो. घरी कळेपर्यंत दोन हंगाम गेलेले असतात.

पण आमचा माणूस पक्का निर्लज्ज झालाय. सगळ्यांसमोर पितो, वर हसतो.

आजवर असा ‘निर्लज्ज’ जवळून बघितला की आत उलटंच निघालंय. रोज शिव्या खाऊन कातडी जाड केलेली असते. बढाया, विनोद, ‘माझ्या पैशाची पितो’ हा दम, किरकोळ कारणावरून चढणारा पारा, सगळी पांघरुणं. खरंच कशाचं काही वाटलं नसतं तर बाटली पाण्याच्या टाकीमागे का लपवली असती?

तोंड जे सांगत नाही ते शरीर सांगून जातं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जेसिका ट्रेसी आणि डॅनियल रँडल्स यांचा २०१३ सालचा एक अभ्यास आहे. नुकतीच दारू सोडलेल्या लोकांना, शेवटचं कधी प्यायलात आणि त्याचं वाईट वाटलं, ते सांगायला लावलं आणि व्हिडिओ घेतला. बोलताना ज्यांचे खांदे पडले होते, छाती आत गेली होती, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता जास्त निघाली. प्रश्नावलीत लाजेबद्दल त्यांनी स्वतः काय लिहिलं होतं, त्यावरून मात्र असा अंदाज बांधता आला नाही. अभ्यास लहान होता. पण ओपीडीत बाकाच्या टोकाला दुमडून बसलेला माणूस दिसला की मला तो आठवतो.

व्यसन हा आजार म्हटला की माणूस मोकळा सुटतो. जबाबदारी कुणाची?

त्याचीच. मधुमेह झाला हा गुन्हा नाही, पण गोळी घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत धरतो. त्याच कायद्याच्या राज्यात पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षाही होते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. जबाबदारी पेलायला पाठीचा कणा लागतो आणि रोजची लाज नेमका तोच मोडते, माझा मुद्दा इतकाच आहे.

मग घरच्यांनी काहीच बोलायचं नाही का? सगळं गिळून बसायचं?

बोलायचं. आणि स्पष्ट बोलायचं. फक्त माणसाबद्दल बोलण्याऐवजी घडलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं.

‘तुम्हाला लाज कशी वाटत नाही? पोरांचं वाटोळं केलंत. तुमच्या बापाचंच रक्त शेवटी!’ हे वाक्य ऐकल्यावर त्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. बापाचं रक्त बदलता येत नाही. याऐवजी, सकाळी, तो शुद्धीत असताना आणि सासूबाई खोलीत नसताना असं म्हणून बघा: ‘अहो, काल रात्री तुम्ही ताट फेकलंत. ताई घाबरून माझ्या कुशीत झोपली. पुन्हा पिऊन आलात तर मी मुलांना घेऊन आईकडे जाईन. डॉक्टरांकडे यायचं असेल तर मी आजच बरोबर येते.’ यात काय घडलं ते आहे, त्याचा परिणाम आहे, तुम्ही काय कराल ते आहे आणि एक दार उघडं आहे. आणि आईकडे जाईन म्हणालात तर जा. नाहीतर म्हणू नका.

हे नुसतं गोड बोलण्याचं तत्त्वज्ञान नाही. विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दारूच्या समस्येवर काम करणाऱ्या समुपदेशकांचं बोलणं तपासलं. समुपदेशक जितका ठासून सुनावत होता, तितकं समोरच्याचं पिणं वर्षभरानंतर जास्त निघालं. हे प्रशिक्षित लोकांचं. आपण तर घरचे, आपल्याला कुठे लागतं हे नेमकं ठाऊक असलेले.

दोन गोष्टी मात्र समजून घ्या. त्याच्या सुपरवायझरला ‘ताप आलाय’ असं खोटं कळवणं म्हणजे त्याला जपणं होत नाही. त्याचा फोन त्याला करू द्या. आणि हात उचलत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मार खात समजून घ्यायचं असा कुठलाही उपचार नाही. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन.

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, माळ घातली, तरी मोडली. आता विश्वास कसा ठेवायचा?

शपथेबद्दल मी जरा कडवट आहे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावणं हे त्या मुलावर अन्याय आहे. शपथ मोडली की सहा वर्षांचं पोर, आता मला काही होणार का, म्हणून रात्रभर जागं राहतं. आणि बापाच्या खात्यावर दारूखेरीज मुलाच्या जिवाशी खेळल्याचं पाप चढतं. ते विसरायला तो काय करेल?

माळेची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे, त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या पायाशी किंवा पंढरीला माळ घालून दारू सुटलेली कितीतरी माणसं आहेत, त्यांना मी नाकारत नाही. नीट बघितलं तर माळेबरोबर त्यांची संध्याकाळ बदललेली असते. सात वाजता, जेव्हा पाय परमिट रूमकडे वळायचे, तेव्हा हरिपाठ असतो, टाळ हातात असतो, शेजारी ओळखीची माणसं असतात. पौषातली त्र्यंबकची यात्रा, आषाढीची दिंडी, वर्षाला एक बांधणी येते.

घोटाळा होतो तो एकदा घसरल्यावर. ‘माळ बाटवली’ म्हणून माणूस ती काढून देवघरात ठेवतो आणि भजनी मंडळाचं दार टाळायला लागतो. म्हणजे दारूच्या एका रात्रीपायी सोबत पूर्ण गेली. अशा वेळी मी म्हणते, मंडळातल्या ज्येष्ठ माणसाकडे जा आणि सांगा. माझ्या पाहण्यातल्या एकाही बुवांनी कुणाला हाकलून दिल्याचं मला आठवत नाही. बहुतेक जण म्हणाले, ‘ये बस, पाणी घे.’

सात महिने सोबर होतो. भावाच्या हळदीत एक पेग घेतला. आता सगळं पाण्यात गेलं ना?

सात महिने कुठे जातील? त्या काळातली झोप, हप्ते, मुलाच्या शाळेत गेलेले दिवस, सगळं झालेलं आहे.

खरा धोका त्या पेगनंतरच्या तासांत असतो. ॲलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकात हे उलगडून दाखवलं. कडक नियम मोडला की माणूस ‘परिस्थिती अवघड होती, मी घसरलो’ असं म्हणत नाही. ‘बघ, मी असाच आहे, मला जमणारच नव्हतं’ असं म्हणतो. मग उरलेली बाटली संपवायला कारणच लागत नाही. एकदा घसरण्याचं (स्लिप) पुन्हा व्यसनात पडणं (रिलॅप्स) होतं ते बरंचसं या वाक्यामुळे.

त्यामुळे पहिलं काम: मांडवातून बाहेर पडा. दुसरं: रात्रीच्या रात्री एका माणसाला फोन करा, स्पॉन्सर, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या गटातला वाट दाखवणारा जुना सभासद, असेल तर त्याला. ‘उद्या सकाळी सांगतो’ असं करू नका, सकाळी लाज तुमच्या आधी उठलेली असेल. अँटाब्युसवर, म्हणजे दारूबरोबर पोटात गेली तर जिवावर बेतू शकणाऱ्या गोळीवर, असाल तर मात्र फोनच्या आधी थेट दवाखाना.

डॉक्टर म्हणाले गोळी आहे. त्याला न सांगता वरणात मिसळून दिली तर?

देऊ नका. अजिबात नाही. डायसल्फिराम, म्हणजे बोलीभाषेतली अँटाब्युस, पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. हे औषध घेणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं, तरच त्याचा उपयोग. गुपचूप औषधाच्या जाहिराती भिंतीभिंतींवर असतात, त्यांच्या पुड्यांत काय असतं देव जाणे. आणि हे उघडकीस आलं की तो घरात पाण्याचा पेलासुद्धा वास घेऊन पितो. नालट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत, ती क्रेविंगवर, म्हणजे पिण्याच्या तीव्र ओढीवर काम करतात. मानसोपचारतज्ज्ञांशी त्याने स्वतः बोलावं.

सुनेला सवय आहे. बाहेर कळलं तर काय होईल? कुठे न्यायचं?

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या २७.३ टक्के पुरुषांनी आणि १.६ टक्के स्त्रियांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. स्त्रियांचा आकडा वाचताना मला नेहमी वाटतं, घरातल्या चारजणींसमोर बसून हो म्हणायला कितीजणींचं धाडस झालं असेल?

पुरुष प्यायला तर ‘वाया गेला’ म्हणतात, बाई प्यायली तर शब्दच वेगळा काढतात. म्हणून बाई स्वयंपाकघरात, दुपारी, एकटी पिते. दारू नसेल तर झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध. मिश्रीला तर आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो. ती उपचाराला येते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो, कारण सगळ्यांनी मिळून झाकलेला असतो. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे. भरती करायची गरज नसेल तर नाशिकमध्येच मानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीपासून सुरुवात करा. आणि तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. सासूबाई, प्रेमाने सांगते, तुम्ही बाहेर बसा.

मी वाइन पितो, देशी नाही. मला व्यसनी कसं म्हणता?

हा खास आपल्या नाशिकचा प्रश्न. गंगापूर धरणाकडे वायनरीत ग्लास हातात धरून फोटो टाकला तर लाइक मिळतात, गावठाणात देशीच्या दुकानासमोर कुणी दिसला तर बेवडा. लाजही आपण ऐपत बघून वाटतो.

हिशोब साधा आहे. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ७५० मिलीच्या वाइनच्या बाटलीत, १३ टक्के धरलं तर, ९७ मिलीहून थोडं जास्त. रोज रात्री एकट्याने बाटली संपवणारा माणूस क्वार्टरवाल्याच्या पुढेच आहे. त्याला कुणी नावं ठेवत नाही, म्हणून तो मदतीलाही उशिरा येतो. लिव्हरला लेबल वाचता येत नाही.

व्यसनमुक्ती सेंटरमध्ये मारतात, टक्कल करतात असं ऐकलंय. तसंच हवं का अशा लोकांना?

नाही. आणि ते बेकायदा आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये रुग्णाला प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क दिला आहे, सक्तीने मुंडण करायला मनाई आहे, स्वतःचे कपडे घालायची मुभा आहे. कलम ९५ नुसार साखळदंडाने बांधता येत नाही. मारून-अपमान करून ‘वळण लावणारं’ सेंटर म्हणजे आजाराला खतपाणी. तीन महिने बाहेरून दारू मिळत नाही म्हणून माणूस सुधारलेला दिसतो, आणि परत येतो तो आधीच्यापेक्षा मोठं ओझं घेऊन.

दाखल करण्याआधी तिथे जा. नोंदणी दाखवायला सांगा. डॉक्टर कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, फोन करू देतात का, ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मागे फिरा. मध्यरात्री गाडी पाठवून उचलून नेण्याची ‘सर्व्हिस’ कुणी देऊ केली तर तिथेच फोन ठेवा.

एएच्या मीटिंगला गेलो आणि ओळखीचं कुणी भेटलं तर? नाशिक केवढं ते.

भेटेलच. सातपूरचा फिटर, नाशिकरोडचा कारकून, कॉलेज रोडचे डॉक्टर, सगळे एकाच खोलीत बसलेले असतात. पण विचार करा, तो तिथे कशाला आलाय? ज्या कारणाने तुम्ही, त्याच कारणाने तो. ज्याला तुमचं गुपित कळलं, त्याचं गुपित तुम्हालाही कळलं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन इथे सुरू झालं, ते एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलण्यातून. अनामिक राहणं हे नावातच आहे. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. तिथे ‘आयुष्यभर सोडली’ असं कुणी वदवून घेत नाही, फक्त आजच्या दिवसापुरतं बोलतात. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे, तिथे बायका, आया, मुलं बसतात. घरच्यांची लाज हा तर वेगळाच विषय: ‘दारुड्याची बायको’ म्हणून भिशीला जाणं बंद केलेली बाई तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलते.

डॉक्टरांबद्दल म्हणाल तर, २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ त्यांना गोपनीयता पाळायला बांधतं. कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. कंपनीने विचारलं म्हणून ते तुमची फाइल देऊ शकत नाहीत. वर सांगितलेल्या एम्सच्या पाहणीतच असंही आढळलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. पैसे आणि अंतर ही कारणं आहेतच. पण अर्धी माणसं दवाखान्याच्या गेटवर कुणी बघेल म्हणून परत फिरतात, असा माझा तरी अंदाज आहे.

मग सगळ्यांना सांगून टाकू का? फेसबुकवर लिहितो, मोकळं होतो.

घाई नको. सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण एका तरी माणसाला सगळं सांगायला हवं. एएच्या बारा पायऱ्यांमधली पाचवी पायरी हीच आहे, आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवापाशी, स्वतःपाशी आणि दुसऱ्या एका माणसापाशी कबूल करणं. माणूस निवडून घ्या: ऐकताना तोंड वाकडं करणार नाही आणि उद्या भांडणात ते काढणार नाही असा. बायकोलाच सगळं सांगायला हवं असंही नाही, काही गोष्टींचं ओझं तिने का उचलावं?

दारू सुटली, पण आता आधीपेक्षा जास्त लाज वाटते. हे कसं?

कारण आता आठवतं. दारू बधिर करत होती ते सगळं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकेक करून वर येतं. बहिणीच्या लग्नात केलेला तमाशा, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आपण शुद्धीत नव्हतो ते. घरच्यांना वाटतं, ‘आता तर सुधारला, मग असा गप्प का?’ आणि नेमकं याच काळात कुणीतरी नातेवाईक मांडवात मोठ्याने विचारतो, ‘काय दादा, सोडली म्हणे! किती दिवस?’

हा काळ जातो. मात्र एकट्याने काढू नये. ज्यांच्या लाजेचं मूळ अत्याचारात आहे, त्यांनी हे मीटिंगच्या शेअरिंगवर भागवू नये, प्रशिक्षित थेरपिस्ट बघावा. पॉल गिल्बर्ट यांनी करुणेवर आधारलेली उपचारपद्धती अशाच, स्वतःला सतत कोसणाऱ्या लोकांसाठी बांधली. पहिल्या सत्रात बरेचजण हसतात, ‘मॅडम, मी स्वतःवर दया करू?’ म्हणून. दया नाही. मित्र असा पडला असता तर त्याला काय म्हणाला असतात, ते स्वतःला म्हणायचं. बहुतेकांना ते वाक्य तोंडातून काढायलाच पंधरा मिनिटं लागतात.

माफी मागायची कशी? इतक्यांदा मागितली की आता कुणी ऐकतच नाही.

मग मागू नका, फेडा. आठवी पायरी ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायला सांगते, नववी भरपाई करायला, आणि त्यातही अट आहे: त्याने समोरच्याचं किंवा आणखी कुणाचं नुकसान होणार असेल तर नको.

पंचवटीतल्या एका गृहस्थांनी शाळेच्या जुन्या वहीत यादी केली होती. मेहुण्याचे तीस हजार, पतपेढी, दोन मित्र, आणि तळाला दूधवाल्याचे अकराशे चाळीस. मी सुचवलं, तळापासून सुरू करा. ते पहाटे दूधवाल्याची सायकल यायच्या वेळी गेटवर उभे राहिले, पैसे मोजून दिले. दूधवाल्याने नोटा खिशात घातल्या आणि विचारलं, ‘उद्यापासून अर्धा लिटर टाकू का?’ बस. भाषण नाही, रडारड नाही. मेहुण्याचे पैसे अजून चालू आहेत, दर महिन्याला दोन हजार. मेहुणा अजून बोलत नाही. तो त्याचा हक्क आहे. तुम्ही फेडलं म्हणून समोरच्याने माफ केलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

मला जगायचंच नाही असं वाटतं. घरच्यांना माझ्यापासून सुटका तरी मिळेल.

हे वाचत असाल तर आधी फोन करा: टेलि-मानस, १४४१६. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८.

‘घरच्यांना सुटका मिळेल’ हे वाक्य लाजेचं असतं, आणि दारू पोटात असताना ते फार खरं वाटतं. घरच्यांसाठी: तो असं बोलला तर ‘नाटकं करू नको’ म्हणू नका. सरळ विचारा, ‘मरायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. एकटं सोडू नका, शेतावरची औषधं कुलपात ठेवा. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतं आणि त्याला शिक्षा न करता मदत द्यायला सांगतं.

कुणाला कळू न देता, खोलीत कोंडून घेऊन चार दिवसांत सोडली तर चालेल?

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने असं करू नये. अचानक बंद केल्यावर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि उपचार नसेल तर मृत्यू होऊ शकतो. कडी लावलेल्या खोलीत हे झालं तर कळणार कुणाला? डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन हेच दिवस सुखरूप निघतात.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून करू? खर्च किती?

त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढा, तिथला खर्च खासगीच्या मानाने नगण्य असतो. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथे जवळचं सरकारमान्य केंद्र विचारता येतं. खासगी दवाखान्यात भरती करणार असाल तर आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं असं कायदा म्हणतो, तरी पॉलिसीच्या अटी वाचलेल्या बऱ्या. एएच्या मीटिंगला फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. पहिल्यांदा आलेल्याने नाही टाकले तरी चालतं.